पाण्याच्या अहवालातील 'आढळले नाही' या शेऱ्याचा अर्थ काय घ्यावा?

नीरक्षीर (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या वसाहतीच्या सामायिक कूपनलिकेच्या पाण्याचा तपासणी अहवाल गेल्या आठवड्यात हाती आला. दोन पानांचा तक्ता आहे, त्यात बावीस घटक आहेत आणि जड धातूंच्या प्रत्येक ओळीपुढे एकच शेरा आहे : 'आढळले नाही'. बैठकीत तो वाचून दाखवला तेव्हा सर्वांना हायसे वाटले आणि विषय तिथेच मिटला. माझ्या मनातून मात्र तो जात नाही. 'आढळले नाही' याचा अर्थ ते द्रव्य पाण्यात नाहीच असा घ्यायचा, की यंत्राला दिसले नाही असा, की नीट शोधलेच गेले नाही असा? आणि जी द्रव्ये त्या बावीस घटकांत मुळातच नाहीत त्यांचे काय? पाण्यातील विषारी द्रव्यांवर एवढे संशोधन झाले आहे, त्याचा अनुभव याबाबत काय सांगतो, हे जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

परीक्षानळी

गेली सतरा वर्षे मी पाण्याचे नमुने तपासण्याचे काम करते, म्हणून पहिले उत्तर मीच देते.

'आढळले नाही' हा शेरा एकटा कधीच पुरा नसतो. प्रत्येक पद्धतीला एक शोधमर्यादा असते, म्हणजे ज्याच्या खाली ते यंत्र असणे आणि नसणे यांत भेद करू शकत नाही असा आकडा. जागतिक आरोग्य संघटनेने आर्सेनिकसाठी सुचवलेले मूल्य लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. तुमच्या प्रयोगशाळेची शोधमर्यादा २० असेल, तर १५ मायक्रोग्रॅम आर्सेनिक असलेले पाणीही त्या अहवालात निर्दोष ठरेल. म्हणून प्रत्येक शेऱ्याशेजारी शोधमर्यादा छापलेली आहे का, ते आधी पाहा. नसेल तर मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

पण माझ्या अनुभवात सर्वांत मोठी चूक यंत्रापाशी होत नाही, ती बाटलीपाशी होते. सुरुवातीच्या काळातला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. एका कूपनलिकेचा नमुना दोन दिवसांनी आमच्याकडे पोहोचला. उपसताना पाणी काचेसारखे नितळ होते, असे आणणाऱ्याने सांगितले. आमच्या टेबलावर आले तेव्हा बाटलीच्या तळाशी तांबूस साका बसला होता आणि वर स्वच्छ पाणी होते. मी पिपेटने वरचे स्वच्छ पाणी घेतले, मोजले आणि आर्सेनिक नगण्य असल्याचे लिहून दिले. वरिष्ठांना शंका आली. त्यांनी स्वतः जाऊन त्याच कूपनलिकेचा नमुना घेतला आणि बाटलीत जागेवरच नायट्रिक आम्ल घातले. या वेळी आकडा मर्यादेच्या कित्येक पट आला.

कारण साधे आहे. खोलवरच्या प्राणवायूविरहित पाण्यात लोह विरघळलेले असते. पाणी हवेला लागले की ते गंजासारखे साकळते आणि साकळताना आर्सेनिकला स्वतःला चिकटवून घेऊन तळाशी बसते. मी ज्याला गाळ समजून बाजूला ठेवले होते, त्यातच सगळे विष होते. ते पाणी पिणारे लोक मात्र ते ताजेच पीत होते.

गाळवाट

परीक्षानळी, आपण सांगितलेली हीच क्रिया उलट दिशेने घडते तेव्हा आर्सेनिक भूजलात उतरते. नद्यांनी आणलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचे पुट असते आणि आर्सेनिक त्या पुटाला धरून असते. गाळात पुरलेल्या सेंद्रिय पदार्थांवर जगणारे जिवाणू प्राणवायू संपल्यावर त्या लोहाचा वापर करतात, पुट विरघळते आणि आर्सेनिक मोकळे होते. बंगालच्या खोऱ्यात कुठल्याही कारखान्याशिवाय एवढे मोठे संकट आले ते यामुळे. घरगुती गाळण्यांत लोहाचा भुगा किंवा लोहयुक्त माती वापरतात, त्यामागेही लोहाचा हाच गुण आहे.

आडातला आवाज

धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे यादीत नसलेल्या द्रव्यांचे, उत्तर बंगालमध्येच आहे, आणि ते वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होते.

१९७० च्या दशकापासून त्या भागात लक्षावधी उथळ कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू अत्यंत चांगला होता, कारण तळ्यांच्या पाण्यातून होणाऱ्या अतिसाराने मुले दगावत होती. जमिनीखालचे पाणी जंतुरहित, म्हणून सुरक्षित, असा सर्वांचा समज होता. १९८३ मध्ये पश्चिम बंगालमधील त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी तळहातांवरील खडबडीत गाठी आणि अंगावरील काळे-पांढरे ठिपके पाहून त्या आर्सेनिकच्या खुणा असल्याचे ओळखले. जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती १९८८ पासून गावोगावचे नमुने गोळा करू लागले. आणि तरीही १९९२ मध्ये ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने बांगलादेशातील कूपनलिकांचे पाणी तपासले तेव्हा अनेक घटक मोजले गेले, फक्त आर्सेनिक मोजले गेले नाही. कारण ते त्या यादीत नव्हते. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, बांगलादेशातील पाण्यात आर्सेनिक असल्याची अधिकृत नोंद झाली. एका बांगलादेशी रुग्णाने इंग्लंडमध्ये दावा लावला. २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, तो फेटाळला. जे मोजलेच नाही त्याबद्दल त्या संस्थेवर त्या रुग्णाप्रती कायदेशीर जबाबदारी येत नाही, असा निकालाचा आशय होता.

कायदा काय म्हणतो ते मी समजू शकतो. पण सुरुवातीला ज्यांनी कूपनलिका खोदल्या आणि नंतर ज्यांनी पाणी तपासले, त्या दोघांनीही प्रामाणिकपणे काम केले होते आणि तरीही ॲलन स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये केलेल्या अंदाजाप्रमाणे साडेतीन ते पावणेआठ कोटी लोक धोक्याच्या छायेत होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्या यादीत काय नाही, हा प्रश्न कुणीतरी वेळेवर विचारायला हवा होता.

मोजमाप

वरील प्रतिसादांतील तथ्यांशी सहमत आहे, पण ज्या दिशेने चर्चा चालली आहे तिच्याशी नाही. यादी कितीही वाढवली तरी तिच्या बाहेर काहीतरी राहणारच. शिवाय आजची यंत्रे इतकी सूक्ष्म झाली आहेत की उद्या प्रत्येक पाण्यात प्रत्येक द्रव्य 'आढळेल'. लिटरमागे एक नॅनोग्रॅम (मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग) म्हणजे पंचवीस लाख लिटरच्या तलावात अडीच मिलिग्रॅम, साखरेच्या मोजक्या दाण्यांएवढे. विष मात्रेत असते, हे तत्त्व सोडले तर लोक घाबरून चांगला स्रोत टाकतील आणि जंतू असलेल्या पाण्याकडे वळतील. बंगालमध्ये कूपनलिका बंद करतानाही हीच भीती होती. अतिसाराने मूल आज दगावते, आर्सेनिकचा कर्करोग वीस वर्षांनी होतो. निर्णय घेणाऱ्याला दोन्ही तोलावे लागतात.

धागाकर्त्याला माझा सल्ला असा : अहवाल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा असेल आणि सर्व आकडे प्रमाणांच्या आत असतील, तर निर्धास्त राहावे.

परीक्षानळी

मोजमाप, जंतूंबाबतचा आपला मुद्दा शंभर टक्के मान्य. पण 'प्रमाणांच्या आत' म्हणजे नेमके कुठल्या वर्षीच्या? जागतिक आरोग्य संघटनेची आर्सेनिकची मर्यादा १९५८ मध्ये लिटरमागे २०० मायक्रोग्रॅम होती, १९६३ मध्ये ५० झाली आणि १९९३ मध्ये १०. आजही ते मूल्य तात्पुरते म्हणूनच नोंदलेले आहे, कारण त्याखाली मोजणे आणि पाणी त्याखाली आणणे अनेक ठिकाणी कठीण जाते. म्हणजे त्या आकड्यात विषशास्त्राइतकाच व्यवहारही आहे.

दुसरे उदाहरण पीफास गटातील द्रव्यांचे घ्या. न चिकटणारे थर आणि आग विझवण्याचे फेस यांत ती वापरली जात आली आहेत आणि निसर्गात ती जवळजवळ विघटित होतच नाहीत. त्यांतील पीएफओए आणि पीएफओएस या दोन्हींसाठी मिळून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१६ मध्ये लिटरमागे ७० नॅनोग्रॅमची सल्लावजा पातळी दिली होती. २०२४ मध्ये बंधनकारक मर्यादा प्रत्येकी ४ नॅनोग्रॅम ठरवली. मधल्या काळात, २०२२ मध्ये, पीएफओएसाठी सुचवलेली अंतरिम पातळी तर ०.००४ नॅनोग्रॅम होती. तेवढे मोजता येईल अशी पद्धतच प्रचारात नव्हती. तिथे 'आढळले नाही' या शेऱ्याने सुरक्षिततेबद्दल काहीच सांगता आले नसते.

सागरगोटा

'विष मात्रेत असते' हे खरे, पण मात्रा कुठे मोजायची? जपानमधील मिनामाताच्या उपसागरात ती पाण्यात मोजून काहीच उलगडले नसते.

तिथला कारखाना ॲसिटाल्डिहाइड बनवताना पारा उत्प्रेरक म्हणून वापरत असे आणि सांडपाण्यातून मिथाइल पारा समुद्रात जात असे. पाण्यातले त्याचे प्रमाण क्षुल्लक भासते. पण सूक्ष्म वनस्पती, त्या खाणारे जीव, त्यांना खाणारे लहान मासे, मग मोठे मासे अशा पायऱ्या चढताना ते पाण्याच्या तुलनेत दहा लाख पटींपर्यंत वाढू शकते. आधी मांजरे झोकांड्या खाऊ लागली, मग माणसे. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख हाजिमे होसोकावा यांनी अज्ञात मेंदूविकाराची नोंद आरोग्य केंद्राकडे केली. १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले आणि त्याच वर्षी होसोकावांनी कारखान्याचे सांडपाणी मिसळलेले अन्न एका मांजराला दिले. नोंदवहीत ते 'मांजर क्रमांक ४००' आहे. त्यालाही तीच लक्षणे झाली. कंपनीने तो निष्कर्ष दडपला. जपान सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केले ते सप्टेंबर १९६८ मध्ये, म्हणजे ती उत्पादनप्रक्रिया बंद होऊन चार महिने झाल्यावर.

याच संशोधनातील एक गोष्ट मला सर्वांत हृदयद्रावक वाटते. वार (गर्भाला आईशी जोडणारा अवयव) विषाला अडवते, गर्भाला धोका नाही, असे वैद्यकशास्त्र तोवर मानत आले होते. मिनामातात निरोगी दिसणाऱ्या आयांच्या पोटी विकारग्रस्त बाळे जन्मली. जपानमध्ये बाळाची सुकवलेली नाळ लहानशा डबीत जपून ठेवण्याची रीत आहे. डॉक्टर मासाझुमी हाराडा यांनी त्या नाळा मागून घेतल्या आणि त्यांतला मिथाइल पारा मोजला गेला. कुटुंबांनी मायेने जपलेली वस्तू पुढे पुराव्याची वस्तू झाली. त्या बाळांची मात्रा पाण्याच्या कुठल्या बाटलीत दिसली असती?

मोजमाप

सागरगोटा, हा मुद्दा मी पुरता लक्षात घेतला नव्हता. चरबीत किंवा प्रथिनांत साठणाऱ्या द्रव्यांबाबत फक्त पाणी मोजणे अपुरे आहे, गाळ आणि मासेही मोजायला हवेत, हे मान्य करतो. तरीही कूपनलिकेच्या पिण्याच्या पाण्याबाबत माझा मूळ सल्ला मी अजून मागे घेत नाही.

उंबरठा

क्षमस्व, एक अगदी प्राथमिक प्रश्न विचारते. पाणी उकळून प्यायल्याने यांपैकी काही कमी होत नाही का?

गाळवाट

आर्सेनिक, शिसे, फ्लोराइड, नायट्रेट यांपैकी काहीही उकळल्याने कमी होत नाही. वाफ उडून जाते आणि द्रव्य मागे उरते, त्यामुळे लिटरमागचे प्रमाण थोडे वाढतेच. उकळणे हा जंतूंवरचा उपाय आहे आणि त्यासाठी तो उत्तम आहे. तान्ह्या बाळाच्या दुधासाठी नायट्रेटयुक्त पाणी पुन्हा पुन्हा उकळणे तर टाळावेच.

ओढ्याकाठी

यादीबाहेरचे द्रव्य कसे सापडते, याचे अलीकडचे एक उदाहरण देतो. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर सिॲटल परिसरातल्या ओढ्यांत कोहो सामन मासे अंडी घालायला समुद्रातून वर येतात. पाऊस पडला की त्यांतले अनेक मासे अंडी घालण्याआधीच, पृष्ठभागाशी तोंड उघडत, गोल गोल फिरत काही तासांत मरत. हे वर्षानुवर्षे चालू होते. धातू, कीटकनाशके, रोग असे सर्व ओळखीचे संशयित तपासून झाले आणि प्रत्येक अहवालातून उत्तर निसटत राहिले.

शेवटी संशोधकांनी दिशा उलटी केली. रस्त्यावरून वाहून येणाऱ्या पाण्याने मासे मरतात, तर रस्त्यावरच्या वस्तू एकेक करून पाहायच्या. टायरच्या रबराचा किस भिजवलेल्या पाण्यात मासे मेले. त्या पाण्यात दोन हजारांहून अधिक रसायने होती. त्यांनी मिश्रणाचे भाग पाडले, प्रत्येक भागात मासे सोडून पाहिले आणि ज्या भागात मासे मेले त्याचेच पुन्हा भाग पाडले. असे करत करत एकच पदार्थ हाती उरला आणि तो कुणाच्याच यादीत नव्हता. टायर ओझोनने तडकू नये म्हणून रबरात ६पीपीडी नावाचे द्रव्य घालतात. त्याची ओझोनशी अभिक्रिया होऊन ६पीपीडी-क्विनोन बनते आणि हाच तो पदार्थ. डिसेंबर २०२० मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. निम्मे मासे मारणारी मात्रा आधी लिटरमागे ०.८ मायक्रोग्रॅम सांगितली होती. शुद्ध नमुना मिळाल्यावर तीच टोळी पुन्हा मोजायला बसली आणि आकडा सुमारे ०.०९५ असल्याचे त्यांनीच २०२२ मध्ये जाहीर केले. स्वतःचा आकडा स्वतःच दुरुस्त करणारे विज्ञान पाहिले की मला त्याबद्दल अधिक विश्वास वाटतो.

लक्षात घ्या, त्याच ओढ्यातल्या चम जातीच्या सामनला या द्रव्याने जवळजवळ काहीच होत नाही. चाचणीला चुकीचा मासा निवडला असता, तर तिथेही निर्दोष असाच शेरा पडला असता.

नळकोंडाळे

मोजमाप यांनी 'मान्यताप्राप्त प्रयोगशाळा' म्हटले म्हणून फ्लिंटची आठवण द्यावीशी वाटते. एप्रिल २०१४ मध्ये या अमेरिकी शहराने पाण्याचा स्रोत बदलून फ्लिंट नदी घेतली आणि नळांचे गंजणे रोखणारे फॉस्फेट घातले नाही. जुन्या नळांच्या आतला संरक्षक थर सुटला आणि शिसे पाण्यात उतरू लागले. ऑक्टोबर २०१४ मध्ये तिथल्या मोटार कारखान्याने इंजिनाचे भाग गंजतात म्हणून ते पाणी बंद केले, पण मुले तेच पीत राहिली.

अहवाल काय सांगत होते? सर्व ठीक. कारण नमुना घेण्याच्या आदल्या रात्री नळ काही मिनिटे मोकळा सोडा, अशी सूचना नागरिकांना दिली जात होती. त्यामुळे साचलेले शिसे वाहून जायचे. ७१ नमुन्यांपैकी दोन बाद ठरवले गेले आणि तेवढ्याने हिशेबाचा आकडा लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमच्या कारवाईच्या पातळीखाली, ११ वर आला. २०१५ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या मार्क एडवर्ड्स यांच्या गटाने सुमारे ३०० घरांना बाटल्या दिल्या आणि नळ रात्रभर बंद ठेवून सकाळचे पहिले पाणी भरायला सांगितले. त्याआधी याच गटाने तपासलेल्या एका घरातल्या नमुन्यात शिसे लिटरमागे १३,२०० मायक्रोग्रॅमपर्यंत निघाले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अतिशा यांनी मुलांच्या रक्तातील वाढलेले शिसे जाहीरपणे मांडले. नगराच्या चाचण्यांत प्रयोगशाळेतली यंत्रे खोटे बोलत नव्हती. त्यांच्यापुढे ठेवलेले पाणी मुलांच्या पेल्यातले पाणी नव्हते, हा दोष होता.

तिसरी बाजू

अजून एक बाब राहते. अहवालात प्रत्येक ओळ स्वतंत्र असते, शरीर मात्र सर्व ओळी एकत्र पिते. लंडनमध्ये कोर्टनकँप आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखा परिणाम करणारी आठ दुर्बळ रसायने घेतली. प्रत्येकाची मात्रा अशी ठेवली, की एकट्याने काहीच परिणाम दिसू नये. आठही एकत्र केल्यावर परिणाम स्पष्ट दिसला. आपली प्रमाणे अजूनही बहुतांशी एकेका द्रव्यासाठीच आहेत.

आणि काही द्रव्यांचे विष थेट पिणाऱ्याला लागत नाही. हैदराबादजवळच्या पटनचेरू येथे औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात स्वीडनच्या योआकिम लार्सन यांच्या गटाला लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक आढळले. हा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेवढ्या प्रतिजैविकात टिकून राहणारे जिवाणू पुढे कुठल्या रुग्णाला गाठतील, हे कुठल्याच पाणी-अहवालात लिहिलेले नसते.

मोजमाप

फ्लिंटच्या माहितीनंतर मी माझा सल्ला दुरुस्त करतो. प्रयोगशाळेच्या मान्यतेइतकीच नमुना कुणी, कधी आणि कसा घेतला याची नोंद पाहावी. 'निर्धास्त राहावे' असे मी घाईने लिहिले. अनावश्यक भीतीबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे, म्हणून एवढेच सुचवतो की स्रोत बंद करण्याआधी फेरतपासणी करावी आणि जंतूंची चाचणी त्यातून वगळू नये.

नीरक्षीर

सर्वांचे मनापासून आभार. आज प्रयोगशाळेला दूरध्वनी करून विचारले. आर्सेनिकची शोधमर्यादा लिटरमागे २५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे आमच्या अहवालातल्या त्या ओळीने मला काहीच सांगितलेले नाही. नमुना पाण्याच्या साध्या बाटलीत, आम्ल न घालता दिला होता. तो मीच भरला होता, तेव्हा हे नक्की आहे. परीक्षानळीताईंचा प्रतिसाद वाचल्यावर घरात उरलेली दुसरी बाटली उजेडात धरून पाहिली. तळाला तांबूस साका आहे. फेरतपासणी करायची आहे. नमुना कसा घ्यावा?

परीक्षानळी

प्रयोगशाळेकडूनच आम्लाने धुतलेल्या बाटल्या मागवा आणि आर्सेनिकसाठी शोधमर्यादा १ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी असलेली पद्धत हवी, असे लेखी कळवा. पंप सुरू करून नळीत साचलेले पाणी वाहू द्या आणि तापमान व विद्युतवाहकता स्थिरावली की मगच भरा. शिशासाठी मात्र स्वयंपाकघरातल्या नळाचा रात्रभर साचलेल्या पाण्याचा वेगळा नमुना घ्या, तिथे आधी पाणी सोडायचे नाही. जंतूंची बाटली निराळी आणि निर्जंतुक हवी, तिच्यात आम्ल घालायचे नाही. तीत पाण्यातला क्लोरीन निष्प्रभ करणारे द्रव्य प्रयोगशाळेनेच घातलेले असते, म्हणून ती आतून विसळू नका. एक बाटली प्रयोगशाळेच्या शुद्ध पाण्याने भरून सोबत न्या, तिथे उघडा, पुन्हा बंद करा आणि तीही तपासायला द्या. तिच्यात काही निघाले तर दोष बाटलीचा किंवा हाताळणीचा आहे हे कळेल. आणि एका नमुन्यावर थांबू नका, कोरड्या दिवसांत एकदा आणि पावसानंतर एकदा घ्या.

नीरक्षीर

धातूंच्या बाटलीत आम्लाचे किती थेंब घालायचे?

परीक्षानळी

थेंब मोजू नका, पाण्याच्या विम्लतेप्रमाणे, म्हणजे आम्ल पचवण्याच्या क्षमतेप्रमाणे, ते बदलतात. पीएच (आम्लता दाखवणारा अंक) २ च्या खाली येईपर्यंत घालायचे. एक थेंब झाकणात घेऊन पीएच-कागदाच्या पट्टीने पाहा, पट्टी बाटलीत बुडवू नका. नायट्रिक आम्ल तीव्र असते, म्हणून हातमोजे आणि चष्मा घालून करा. शक्य असेल तर प्रयोगशाळेचाच माणूस जागेवर बोलवा आणि त्याच्याशेजारी उभे राहून प्रत्येक बाटलीवर वेळ लिहा.